भिंतीतलं तीन इंची भोक: नळ्या पलीकडे, हवा जिथल्या तिथे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला फ्लॅट, हॉलमध्ये चार फुटी प्लँटेड टँक (पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक), मागच्या भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनी. आवाज आणि पसारा नको म्हणून चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र), कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) आणि एअर पंप तिन्ही बाल्कनीत हलवायचेत. भिंतीत बिल्डरने एसीच्या पाईपसाठी सोडलेलं तीन इंची भोक आहे, सध्या त्यात कापडाचा बोळा कोंबलाय. नळ्या त्यातूनच न्यायच्या, पण हॉलमधली एसीची गार हवा पलीकडे जाऊ नये आणि बाल्कनीतली गरम हवा, डास, झुरळं आत येऊ नयेत. सगळ्या नळ्या घालून वरून स्प्रेचा पीयू फोम (फुगून कडक होणारा) मारला तर चालेल का?

चालेल. दोन वर्षं चालेल. मग एअरलाईन कडक होऊन चिरते, कॅनिस्टरची नळी आतून काळी पडते, चिलरचा जोड ठिबकायला लागतो, आणि नेमकी तेव्हा ती नळी फोममध्ये अशी रुतून बसलेली असते की ओढून तुटेल पण निघणार नाही. मग ब्लेड घेऊन फोम कोरायचा. ब्लेड हमखास शेजारच्या धडधाकट नळीला लागतं. हे मी ऐकीव सांगत नाहीये. एका गिऱ्हाइकाच्या घरी रात्री अकरा वाजता गुडघ्यावर बसून केलेलं काम आहे, आणि तो फोमही मीच मारलेला होता.

तेव्हापासून एकच पथ्य पाळतो. भिंतीत कायम राहणार आहे ते कायमचं बुजवायचं, आणि जे कधी ना कधी बदलावं लागणार आहे ते बोटांनी निघेल असं बुजवायचं. एकाच डब्यातल्या फोमने दोन्ही उरकायला गेलं की फसगत होते.

पण बुजवण्याआधी, पलीकडे नेमकं काय न्यायचं ते ठरवू. तिन्ही न्यायची गरज नाही.

चिलर नक्की न्या. तो टँकमधली उष्णता काढून खोलीत सोडतो. म्हणजे बंद हॉलमध्ये चिलर ठेवला तर एसी त्या उष्णतेशी झगडणार आणि बिल दोघांचंही भरायचं. कॅनिस्टर मात्र कॅबिनेटमध्येच राहू द्या. चांगला कॅनिस्टर जवळजवळ बिनआवाजाचा असतो. घरघरत असेल तर आत हवा अडकलीय किंवा इम्पेलर (पाणी ढकलणारा आतला पंखा) झिजलाय, भिंतीपलीकडे नेऊन तो बरा होणार नाही. शिवाय मे महिन्यात दुपारी बाल्कनीत तापलेल्या कॅनिस्टरमधून पाणी फिरवायचं आणि तेच पाणी चिलरने गार करायचं, यात काय मिळवलं? कॅनिस्टर आत राहिला की भिंतीतून पाण्याच्या दोनच लाईन जातात: कॅनिस्टरमधून निघून चिलरकडे जाणारी आणि चिलरकडून टँकला परत येणारी. गाळलेलं पाणी चिलरमध्ये जातं, त्यामुळे तोही तुंबत नाही.

एअर पंपाबद्दल जरा थांबून विचार करा. तुम्ही म्हणता बाल्कनीतली हवा आत यायला नको. पण एअर पंप तर तीच हवा ओढून थेट टँकच्या पाण्यात सोडणार! भोक कितीही घट्ट बुजवा, ही एक वाट तुम्ही स्वतः उघडी ठेवलेली असते. ड्राय बाल्कनीत काय काय असतं बघा: वॉशिंग मशीन, फिनेलची बाटली, कपड्यांचा साबण, कधी कोपऱ्यात डासांची कॉईल. डासांच्या लिक्विडमध्ये आणि झुरळांच्या बऱ्याच स्प्रेमध्ये पायरेथ्रॉईड जातीची औषधं असतात. माणसाला त्यांचा फारसा त्रास होत नाही, माशांना आणि श्रिंपना मात्र ती अगदी थोड्या मात्रेत जीवघेणी ठरतात. एका घरी मी पंप हौसेने बाल्कनीत लावून दिला होता. काही महिन्यांनी त्यांच्याकडे पेस्ट कंट्रोलवाला आला, बाल्कनीतल्या नहाणीच्या जाळीत औषध मारून गेला. टँकच्या आसपासही फिरकला नव्हता. सकाळी निऑन टेट्रांचा अख्खा थवा तळाशी. पंपाची जागा मी ठरवली होती, त्यामुळे चूक माझीच.

आणि बाल्कनीत गॅस गिझर असेल तर गोष्ट माशांच्या पुढे जाते. गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकघरातली चिमणी चालू झाली की घरातली हवा बाहेर फेकली जाते आणि तेवढीच हवा मिळेल त्या फटीतून आत खेचली जाते. चिमणीच्या खोक्यावर ताशी हजार-बाराशे घनमीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं; त्यातला निम्मा आकडा जाहिरातीचा धरला तरी ओढ भरपूर आहे. अशा वेळी गिझरच्या बाल्कनीत उघडणारं तीन इंची भोक म्हणजे नुसती गार हवेची गळती नव्हे. ते नीट बुजवाच. पण त्याच उत्साहात बाल्कनीच्या बाहेरच्या खिडक्या किंवा गिझरसाठीच्या झरोक्याची जाळी बंद करू नका. ती उघडीच हवी.

तेव्हा पंप हॉलमध्येच ठेवा, असा माझा सल्ला. आवाजाचा बहुतेक भाग पंप लाकडाला टेकलेला असतो म्हणून येतो. कॅबिनेटच्या आत तो दोरीने अधांतरी टांगा किंवा जाड मऊ स्पंजवर ठेवा, निम्मी कुरकुर तिथेच संपेल. डासांचं लिक्विड टँकच्या खोलीत लावू नका हे वेगळं सांगायला नकोच. तरीही पंप पलीकडेच हवा असेल तर पुढची मांडणी त्यालाही सामावून घेते.

आता भोक. तुमच्या कॅनिस्टरच्या नळ्या १६/२२ च्या असतील, म्हणजे आतून १६ मिमी आणि बाहेरून २२. भोकात बसवलेला पाईप आतून साधारण ७० मिमीचा. त्यातून अशा दोन नळ्या, एक ६ मिमीची एअरलाईन आणि एखादी सेन्सरची वायर घातली, तर बघणाऱ्याला वाटतं भोक भरलं. हिशेब करून बघा. ७० मिमी गोलाचं क्षेत्रफळ सुमारे ३,८५० चौरस मिमी. चारही नळ्या मिळून जेमतेम ८०० व्यापतात. उरलेली जागा म्हणजे ६२ मिमीचं एक स्वच्छ, मोकळं भोक! नळ्या घातल्याने काहीच अडलेलं नसतं. शिवाय चार गोल वस्तूंमध्ये ज्या त्रिकोणी खाचा राहतात, त्यांत बाहेरून लावलेला सीलंट पोचतच नाही. वरून गुळगुळीत दिसतं, आतून शिट्टी वाजते.

म्हणून नळी भिंतीतून नेऊच नका. भिंतीतून पाईप न्या आणि नळी दोन्ही बाजूंना त्या पाईपला जोडा.

पाऊण इंची यूपीव्हीसी पाईपचे दोन तुकडे घ्या. बाहेरून प्रत्येकी साधारण २६.७ मिमी. भिंतीच्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच बाहेर येतील एवढे लांब ठेवा. त्यांच्यासोबत इलेक्ट्रिशियन वापरतात तो २० मिमीचा पीव्हीसी कंड्युट, त्याचेही दोन तुकडे. खाली दोन पाईप शेजारी-शेजारी, त्यांच्यावर दोन कंड्युट: ७० मिमीच्या भोकात हे चारही मावतात आणि प्रत्येकाभोवती थोडी जागा उरते. ती जागा हवीच, कारण सीलंटला चारही बाजूंनी धरायला काहीतरी लागतं. चार पाईप एकमेकांना टेकून गठ्ठा बांधू नका. मधे जुन्या रबरी चपलेचे तुकडे घालून त्यांना विलग ठेवायचं, ही माझी घरगुती युक्ती.

हे चारही कायमचे. ते कधीच बदलायचे नाहीत, म्हणून त्यांच्याभोवतीचं भोक कायमचं बुजवायला हरकत नाही. आता काढा तो फोमचा डबा.

पण सबंध भोक फोमने भरायचं नाही. मधला भाग फोमने, दोन्ही तोंडं दुसऱ्या कशाने तरी. उघडा राहिलेला पीयू फोम उन्हात पिवळा पडून भुगा होतो, उंदीर तो बिस्किटासारखा कुरतडतात आणि लाल मुंग्यांना तर त्यात घर करायला फारच आवडतं. बाल्कनीच्या बाजूला आधी भांडी घासायची स्टीलची घासणी उलगडून पाईपांच्या मधे कोंबा. स्टेनलेस स्टीलचीच घ्या, साधी तार गंजते आणि पावसाळ्यानंतर भिंतीवर तांबडे ओघळ येतात. मग आतल्या बाजूने फोम. मारण्याआधी भोकात पाण्याचा हलका फवारा द्या, ओलाव्याशिवाय तो नीट फुगत नाही. निम्मंच भोक भरा, बाकीचं तो स्वतः भरतो. पहिल्यांदा हा डबा हातात घेणारा प्रत्येक माणूस जास्त मारतो आणि मग हॉलच्या भिंतीवर फुलकोबी उगवते. सुकल्यावर दोन्ही बाजूंनी भिंतीच्या आत एक-दीड सेंटिमीटर खोल कापा आणि त्या खोबणीत सीलंट भरा.

सीलंट कोणता? बाल्कनीच्या बाजूला पीयू सीलंट बरा, त्यावर रंगही बसतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही. दुसरं म्हणजे मऊ व्हिनाईलच्या नळ्यांना आणि पॉलिथिलीनला सिलिकॉन नीट धरत नाही, बोटाने ढकललं की सालपटासारखं सुटतं. नुसत्या नळ्यांभोवती सिलिकॉन लावलेली कामं सहा महिन्यांत गळायला लागतात, त्याचं कारण हेच. कडक यूपीव्हीसीची तक्रार कमी असते, तरी तो भाग बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून घ्या. पांढरं सिमेंट किंवा पीओपी भरून मोकळं होणारे कारागीर पुष्कळ. ते सुकताना आकसतं, पाईपाभोवती केसाएवढी गोल फट पडते, आणि हवेला तेवढी पुरते.

आता उरले दोन कंड्युट. एकातून एअरलाईन किंवा सेन्सरची वायर. दुसऱ्यात सध्या काहीच नाही, फक्त एक नायलॉनची दोरी आरपार, दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवलेली. पुढे कधी काही ओढायचं झालं तर ही दोरी तुमचा जीव वाचवते. या दोन कंड्युटची तोंडं मात्र हाताने उघडतील अशीच बंद करायची. एसी बसवणारे पाईपाभोवती जी न वाळणारी पांढरी पुट्टी थापतात ती सगळ्यात सोपी. वळून लावायची, काढायची, परत तीच लावायची. एम-सील नको, ते दगड होतं. जरा देखणं काम हवं असेल तर पुण्यातल्या बोहरी आळीच्या किंवा तपकीर गल्लीच्या बाजारात केबल ग्लँड मागा. पीजी-७ नंबरच्या ग्लँडमध्ये ६ मिमीची नळी छान बसते, आवळलं की आतली रबरी रिंग चारही बाजूंनी धरते. एअरलाईन सिलिकॉनची मऊ असेल तर फार आवळू नका, ती चेपते आणि मग पंप खराब झाला म्हणून तुम्ही नवा आणता. भिंतीतल्या तुकड्यापुरती थोडी कडक पॉलियुरेथेनची नळी वापरा, सीओटूसाठी (कार्बन डायऑक्साईड वायूसाठी) वापरतात ती, आणि पुढे मऊ नळी जोडा.

कंड्युटमध्ये स्पंज कोंबला तर? फिल्टरचा स्पंज किंवा गादीचा फोम हवा अडवत नाही, ती गाळून सोडतो. त्याची भोकं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तर त्यातून पाणी जातं. अडवायचंच असेल तर बंद पेशींचा फोम हवा: योगा मॅटचा तुकडा, किंवा एसीच्या तांब्याच्या पाईपावर चढवतात ती काळी नायट्राईलची नळी.

ही काळी नळी तुम्हाला तशीही लागणार आहे. बाल्कनीतल्या पाण्याच्या नळ्यांवर ती चढवली नाही तर दुपारच्या उन्हात चिलरने गार केलेलं पाणी परत येईपर्यंत कोमट होतं. पारदर्शक नळीत ऊन लागून शेवाळ धरतं ते निराळंच. एसीच्या सामानाच्या दुकानात सात-अष्टमांश इंची पाईपासाठीची मागा, ती २२ मिमीच्या नळीवर चपखल बसते. पण यात एक खोच आहे. नळीवर चढवलेलं इन्सुलेशन अखंड भिंतीतून नेलं, तर तुम्ही सीलंट लावता तो इन्सुलेशनच्या बाहेरून, आणि नळी व इन्सुलेशन यांच्यामधल्या सांदीतून हवा आरामात ये-जा करते. एका घरात हे शोधायला मला दोन फेऱ्या लागल्या. नालीदार फ्लेक्झिबल कंड्युटमधून नेलेल्या वायरींचंही तसंच होतं, बाहेरून बुजलेलं आणि आतून बोगदा. म्हणून इन्सुलेशन भिंतीपाशी थांबवायचं, तोंड भिंतीला घट्ट भिडवायचं आणि काळ्या टेपने जखडायचं. कडक पाईप वापरल्यावर हे आपोआप साधतं.

पाईपाच्या टोकांना नळी जोडायला होज निपल (ज्यावर मऊ नळी चढते ते तोंड) लागतं. हार्डवेअरवाला पहिलं पितळेचं पुढे करेल, ते परत करा. पितळेत तांबं असतं आणि तुमच्या टँकमध्ये श्रिंप असतील तर तांबं त्यांना सोसत नाही. प्लास्टिकचं घ्या आणि घेताना त्यातून डोळा लावून बघा: १६ मिमीच्या नळीत बसणारं काही निपल आतून जेमतेम १० मिमीचं असतं, आणि मग चिलरला लागतो तेवढा प्रवाहच मिळत नाही. जाड भोकाचं शोधा. प्रत्येक काटकोनी एल्बो थोडा प्रवाह खातो, म्हणून जिथे जमेल तिथे एका काटकोनाऐवजी दोन पंचेचाळीसचे घाला. निपलच्या अलीकडे दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे चिलर काढताना बादली धरायला कुणाला हाक मारावी लागणार नाही. पाईप चिकटवायच्या सॉल्व्हंटचे जोड दिवसभर सुकू द्या आणि पहिलं पाणी फिरवून फेकून द्या.

पाईप बसवताना बाल्कनीकडे किंचित उतार द्या, भिंतीच्या जाडीत पाच ते दहा मिमी पुरे. पावसाळ्यात तिरकस झड बाल्कनीत येते तेव्हा भोकाशी आलेलं पाणी बाहेरच राहतं. चुकून उतार हॉलकडे झाला तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॅबिनेटच्या मागचं प्लास्टर फुगलेलं दिसेल आणि तुम्ही टँक गळतोय म्हणून सगळं उपसाल. कंड्युटच्या बाहेरच्या तोंडाला खाली बघणारा छोटा एल्बो लावला तर आणखी उत्तम.

पाईपाच्या आतल्या हवेचाही उताराशी संबंध आहे. नळीला मधेच उंटाच्या पाठीसारखा उंचवटा राहिला तर तिथे हवा साठते. प्रवाह अर्धा होतो, टँकमध्ये फुसफुस येते, आणि माणूस दिवसभर कॅनिस्टर हलवत बसतो. कॅबिनेटमागची जागा अडचणीची असते, नळी वळवताना असे उंचवटे नकळत होतात. टँकपासून खाली येताना नळी सतत खालीच आली पाहिजे, आणि वर जाताना सतत वरच.

बाल्कनीत पाणी नेण्याची खरी भीती वेगळी आहे. तिथला जोड निसटला तर? कॅनिस्टर मुकाट्याने टँक उपसून बाल्कनीत ओतणार. टँक ४ फूट बाय दीड बाय दीड धरला तर काठोकाठ साधारण २५० लिटर होतात. त्यावर फुकटचा इलाज आहे: कॅनिस्टरच्या आत घेणाऱ्या पाईपाला पाण्याच्या पातळीखाली १२ सेंटिमीटरवर ३ मिमीचं भोक पाडा. रोज त्यातून थोडं पाणी शिरतं, काही बिघडत नाही. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा घुसते आणि ओढ तुटते. १२० बाय ४५ बाय १२ म्हणजे साधारण ६५ लिटर गेलं, मासे वाचले. ते ६५ लिटर ड्राय बाल्कनीच्या नहाणीतून निघून जातात. हॉलच्या लाकडी फ्लोअरवर जात नाहीत, हा बाल्कनीचा मोठा फायदा. फक्त नहाणीची जाळी कपड्यांच्या धाग्यांनी तुंबलेली नाही ना ते बघा, आणि कोरडा पडलेला कॅनिस्टर बंद करायला घरात कुणीतरी हवं. परत येणाऱ्या पाईपाचं तोंड पाण्याच्या वरच्या थराजवळ ठेवलं की त्या पाईपातून पाणी उलटं ओढलं गेलं (सायफन) तरी पातळी फार उतरत नाही.

एअर पंप हट्टाने पलीकडेच गेला असेल, तर तो टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवा. खाली ठेवलात तर लाईट गेली की पाणी एअरलाईनमधून उलटं पंपात आणि तिथून बाल्कनीत. जागाच नसेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) टँकजवळ बसवा. हा व्हॉल्व्ह दहा-वीस रुपयांचा असतो आणि दहा-वीस रुपयांसारखाच वागतो. वर्षातून एकदा बदला, फुंकून बघा.

विजेची वायर या भोकातून नेऊ नका. तीन पिनांचा प्लग तिथून जाता-जाता जात नाही, मग लोक प्लग कापतात, पलीकडे टेपने जोड मारतात, आणि तो जोड बरोबर पाण्याच्या पाईपाखाली येतो. चिलरची वॉरंटी जाते ती गोष्ट निराळी. बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी सॉकेट असतंच, तिथून इलेक्ट्रिशियनकडून वेगळा पॉईंट काढून घ्या, अर्थिंग तपासून. मीटरपाशी ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा. जुन्या सोसायट्यांमध्ये नुसते एमसीबी (जास्त भार आला की पडणारे स्विच) असतात, ते तुम्हाला झटक्यापासून वाचवत नाहीत. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळातून ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

चिलर ठेवताना हेही लक्षात असू द्या की त्याला स्वतःला हवा लागते. स्लायडिंगने बंद करून घेतलेल्या बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या चिमट्यात तो ठेवला तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो आणि ऐन उन्हाळ्यात दमतो. बाहेरची खिडकी त्याच्यासाठी उघडी ठेवावी लागेल. खिडकी उघडी म्हणजे वाऱ्याचा दाब थेट तुमच्या भिंतीवर, म्हणून तर भोक बुजवण्यावर एवढं चऱ्हाट वळलं.

तुमचं भोक आयतं आहे ते बरं. वाचणाऱ्यांपैकी कुणी नवीन पाडणार असेल तर आधी भिंत कशाची आहे ते बघा. साधी वीट किंवा एएसी ब्लॉक असेल तर कोअर कटिंगवाला अर्ध्या तासात काम करतो. छिन्नी-हातोडा नको, पलीकडचं प्लास्टर परातीएवढं निघून येतं. गेल्या काही वर्षांतल्या अनेक इमारती मायवान पद्धतीच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या) आहेत, त्यांत आतल्या भिंतीही सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. तिथे सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार असल्याशिवाय मशीन लावू नका. बीम-कॉलमला तर हातही लावायचा नाही. कापताना टँक ओल्या चादरीने पूर्ण झाका आणि एअर पंप बंद ठेवा. सिमेंटची धूळ पाण्यात गेली की पीएच चढतो.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर बाल्कनीच्या स्लायडिंग खिडकीचा उपयोग करा. ६ मिमी ॲक्रिलिकची चार-पाच इंच रुंद उभी पट्टी खिडकीच्या उंचीएवढी कापून ट्रॅकमध्ये बसवा, सरकतं शटर तिला येऊन भिडेल. पट्टीत ग्लँड बसवायचे. २२ मिमीच्या नळीला पीजी-२९ लागतो. शटर भिडतं तिथे ॲल्युमिनियमवाल्याकडून केसाळ पट्टी चिकटवून घ्या. शटर आता पूर्ण बंद होत नाही, म्हणून कडीऐवजी ट्रॅकमध्ये अडसर घालावा लागेल. घर सोडताना पट्टी काढली की खिडकी होती तशी.

काम झाल्यावर खात्री उदबत्तीने करायची. घराची दारं-खिडक्या लावा, बाल्कनीच्या बाहेरच्या खिडक्या उघडा, चिमणी पूर्ण वेगावर सोडा. गॅस गिझर तेवढ्या वेळापुरता बंद. टँकचं झाकण लावा, एअर पंप थांबवा. पेटलेली उदबत्ती हॉलच्या बाजूने भोकाच्या कडेने सावकाश फिरवा, नंतर कंड्युटच्या तोंडांपाशी आणि पाईपाभोवती. धूर सरळ वर गेला तर ठीक. कुठे एका बाजूला झुकला, थरथरला, तर तिथे हवा शिरतेय. पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सीलंट भरा. फोम सुकताना थोडा सरकतो, म्हणून महिन्याभराने पुन्हा एकदा बघायचं. माझ्या कामांमध्ये दुसऱ्या वेळी एखादी तरी जागा सापडतेच, बहुतेक वेळा वरच्या बाजूला, जिथे सीलंटची नळकांडी वाकडी धरावी लागली होती तिथे.